प्रति: थोरल्याला फक्त एक शिलिंग?
अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या 'मृत्युपत्रात एक शिलिंग (त्या वेळचं छोटं ब्रिटिश नाणं) लिहिला म्हणजे बापाने थोरल्या मुलाला बेदखल केलं' हे अनुमान घाईचं आहे. बहुतेकदा मुलाचा हिस्सा आधीच, लग्नाच्या वेळी वगैरे, देऊन झालेला असे. शिलिंग एवढ्यासाठीच, की 'बापाला माझा विसर पडला' म्हणत त्याने कोर्टात जाऊ नये. म्हणून आधी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दस्तांच्या वह्यांत बापाने मुलाला केलेलं बक्षीसपत्र शोधा.

व्हर्जिनियात तर थोरल्याचं नावच नसलं तरी दचकू नका. मृत्युपत्रात न आलेली जमीन थोरल्याचा हा हक्क रद्द करणारा १७८५चा कायदा लागू होईपर्यंत त्याच्याकडेच जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या काळी मृत्युपत्र नसेल तर थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. विधवेला साधारणपणे एक तृतीयांश जमीन, तीही तहहयात वापरापुरती. विकायचा हक्क नसे.