ओकी बेटांतील आमा नगर शेजाऱ्यांत विलीन का झाले नाही?

प्रश्न

जपानच्या शिमाने प्रांतातील ओकी द्वीपसमूहात दोझेन गटाची तीन वस्तीची बेटे नकाशावर अगदी लगत दिसतात. तरीही नाकानोशिमावर आमा नगर, निशिनोशिमावर त्याच नावाचे नगर आणि तिसऱ्या बेटावर चिबु हे गाव, असे तीन स्वतंत्र कारभार आहेत. शेजारच्या दोगो बेटावरील एक नगर व तीन गावे मात्र 2004 मध्ये एक झाली. जेमतेम सव्वादोन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या आमाला वेगळे राहणे परवडते कसे?

प्रतिसाद १

फरक भूगोलाचा आहे. दोझेनची बेटे ही एका प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाची कड असून मधल्या खोलगट भागात समुद्र शिरला आहे. दोगोवरची गावे रस्त्याने जोडलेली आहेत. आमाहून निशिनोशिमाला जायचे तर बोटच हवी. मुख्य कार्यालय एका बेटावर नेले असते, तर उरलेल्या दोन बेटांवरील वृद्धांना किरकोळ कामासाठीही बोटीचे वेळापत्रक आणि हिवाळ्यातला खवळलेला समुद्र पाहून निघावे लागले असते. विलीनीकरणाने वाचणारा खर्च इथे फारसा नव्हता, गैरसोय मात्र रोजची होती.

प्रतिसाद २

परवडले ते सहज नव्हे. केंद्राकडून मिळणारा निधी आटू लागला, तेव्हा 2002 मध्ये निवडून आलेले नगराध्यक्ष मिचिओ यामाउची यांनी आधी स्वतःचे वेतन कापले आणि मग कर्मचाऱ्यांनीही आपण होऊन कपात स्वीकारली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, वाचलेला पैसा केवळ तूट भरण्यात न घालवता बालसंगोपनाच्या साहाय्याकडेही वळवला गेला. दुसरीकडे, मुख्य भूमीच्या बाजारात पोहोचेपर्यंत मासळीचा ताजेपणा आणि भाव दोन्ही उतरत असत. म्हणून नगराने बेटावरच आधुनिक गोठवण यंत्रणा उभारली आणि तेथील माकुळ व कालवे थेट शहरांत जाऊ लागली.

प्रतिसाद ३

वेगळे राहणे म्हणजे फटकून राहणे नव्हे, हेही नोंदवावेसे वाटते. आमातील दोझेन उच्च माध्यमिक शाळा प्रांताच्या अखत्यारीत आहे, नगराच्या नव्हे. विद्यार्थी घटून ती बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा तिन्ही पालिकांनी मिळून तिच्यासाठी प्रयत्न केले, देशभरातून मुलांना बेटावर शिकायला बोलावले आणि शाळेच्या जोडीला सार्वजनिक अभ्यासकेंद्रही सुरू केले. शाळा गेली असती, तर पंधराव्या वर्षी मुलांनी बेट सोडले असते आणि अनेक घरांतून पालकही त्यांच्यामागे गेले असते.