उन्हाळी सुट्टीतला कोडिंग आणि एआरचा कॅम्प, १० वर्षांच्या मुलीला घालू का?

लेकीची_आई:
मुलगी १० वर्षांची आहे. सुट्टीत दोन आठवड्यांचा एक कॅम्प आहे, रोज तीन तास, पहिल्या आठवड्यात स्क्रॅच (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांची भाषा) आणि दुसऱ्या आठवड्यात ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर) डिझाईन, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की टेबलावर तिने बनवलेला प्राणी उभा दिसणार असं काहीतरी. जाहिरातीत लिहिलंय की शेवटच्या दिवशी प्रत्येक मूल स्वतःचं ॲप घेऊन घरी जाईल. ते वाचल्यापासून तिने पिच्छा पुरवलाय. मला कळत नाहीये की या वयात हे खरंच झेपतं का, की तयार टेम्प्लेटमध्ये नुसते रंग बदलायला लावतात. आम्ही दोघंही या क्षेत्रातले नाही त्यामुळे तिथे फोन करून नक्की काय विचारायचं तेच सुचत नाही. आणि आधीच स्क्रीन जास्त होतोय, त्यात हे अजून तीन तास. ज्यांनी मुलांना पाठवलंय किंवा जे शिकवतात त्यांनी प्लीज सांगा.

खडू_आणि_कीबोर्ड:
ताई, मी सहा उन्हाळे असे कॅम्प घेतलेत त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

वयाची काळजी करू नका. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने काढलं तेच मुळी ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी, आणि त्याच्या मागचा विचार त्याहून जुना आहे, १९६७ च्या लोगो भाषेपासूनचा, की मुलाने कॉम्प्युटरला शिकवायचं. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भाषा मुलांसाठी केली, त्यात मूल रेघ ओढत जाणाऱ्या एका कासवाला सांगायचं इतकं पुढे जा, इतकं वळ. चौकोनाऐवजी भलतंच काही निघालं की ते स्वतः उठून कासवासारखं चालून बघायचं आणि चूक शोधायचं. कॅम्पमध्ये मुलांना असा चुकायला वेळ मिळतो का एवढं मी पहिलं बघेन.

आता एआरचं. फोन जमीन कशी ओळखतो, तर कॅमेऱ्याच्या चित्रात कोपरे, नक्षी, डाग असे ठळक ठिपके शोधतो, आणि फोन हलला की ते ठिपके किती सरकले हे आतल्या मोशन सेन्सरशी ताडून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतो. म्हणून कोऱ्या पांढऱ्या किंवा चकचकीत टेबलावर तो प्राणी घसरतो, तरंगतो. हे मुलांना सांगायच्या आधी अनुभवू द्यावं. मी मुद्दाम पांढऱ्या टेबलावर सुरुवात करतो, सगळ्यांचे प्राणी सैरावैरा पळतात, मग कोणीतरी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बघतं आणि प्राणी जागेवर उभा राहतो. त्या क्षणी वर्गात जो आरडाओरडा होतो त्यासाठी मी दरवर्षी सुट्टी घेऊन शिकवायला जातो.

आणि डिझाईन म्हणजे नुसतं थ्रीडी मॉडेल नाही. एका मुलीने झाड केलं होतं आणि त्यावर माहितीची पाटी, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. तिच्यापेक्षा बुटक्या मुलाने फोन धरला तर त्याला पाटी वाचताच येईना. तिने तीन वेळा कोड बदलून ती पाटी बघणाऱ्याकडे वळेल अशी केली. घरी एकटी बसली असती तर तिला हे कळलंच नसतं.

'स्वतःचं ॲप' या शब्दांवर मात्र त्यांना स्पष्ट विचारा. फोनमध्ये एआर चालवणारी तयार साधनं, म्हणजे ॲपलचं एआरकिट २०१७ मध्ये आलं, गूगलचं एआरकोअर २०१८ पासून, ते ठिपके शोधण्याचं अवघड काम हीच मंडळी करतात आणि त्यावर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲप बांधायचं तर सी शार्प भाषा लागते. दोन आठवड्यांत १० वर्षांचं मूल ते करत नाही. ते एखाद्या प्लॅटफॉर्मवर ब्लॉक जोडून एक दृश्य बनवतं, आणि ते या वयात खूप आहे, फक्त तसं सांगायला हवं.

दोन_मुलांचा_बाबा:
आमचा अनुभव सांगतो. मुलगा १२ चा होता, दहा दिवसांचा कॅम्प केला, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, फोटो, आम्ही पण खूश. घरी आल्यावर आजीला दाखवायला गेला तर उघडेचना, कारण अकाउंट कॅम्पवाल्यांचं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी बंद केलं. फोन केला तर म्हणाले तसंच असतं. नंतर मी सहज विचारलं की तुझा चेंडू भिंतीला लागून परत यायला हवा असेल तर काय करशील, तर म्हणाला ते सर माउस घेऊन करून द्यायचे. दोन दिवस गप्प होता पोरगा, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तेव्हा अकाउंट कोणाच्या नावावर राहणार, फाईल उतरवून घरी नेता येते का आणि माउस कोणाच्या हातात असतो एवढं विचाराच. आणि आपल्या फोनवर चालेल का तेही, सगळ्या अँड्रॉइड फोनवर एआर चालत नाही.

संध्याकाळची_गच्ची:
अजून एक. बऱ्याच सोशल मीडिया ॲप्सवर अकाउंटसाठी वय १३ लागतं आणि त्यांची एआर फिल्टर (कॅमेऱ्यात चेहऱ्यावर कान, चष्मा दिसतात ते) बनवायची साधनं त्याच अकाउंटवर चालतात. काही कॅम्प तीच साधनं वापरतात आणि मुलांना सरळ खोटं जन्मसाल टाकायला सांगतात. तिथून मी माझ्या भाचीला दुसऱ्या दिवशी काढून आणलं.
स्क्रीनबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, मी म्हणेन कॅम्पच नको. स्क्रॅच फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, दुसऱ्याचा प्रोजेक्ट आतून उघडून बघता येतो आणि त्यात बदल करून रिमिक्स करता येतं. घरी बसून शिकू दे की.

खडू_आणि_कीबोर्ड:
स्क्रॅच घरी होतं, शंभर टक्के. पण वर ते पाटीचं सांगितलं ना, दुसऱ्या मुलाच्या हातात आपली गोष्ट देणं, त्यासाठी दुसरी मुलं लागतात. आणि चांगल्या कॅम्पमध्ये तीन तास पूर्ण स्क्रीन नसतोच, आधी कागदावर काढायचं, पुठ्ठ्याचं मॉडेल करून खोलीत ठेवून बघायचं, एआरमध्ये तर उठून फिरावंच लागतं. तीन तास खुर्चीतच बसवणार असतील तर नका पाठवू.

लेकीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोन केला. मागच्या वर्षीच्या मुलांची कामं दाखवा म्हटलं तर चार पाठवली, चारही वेगळी, त्यातलं एक अर्धवट होतं आणि बाईंनी स्वतःहून सांगितलं की त्या मुलाला दुसरंच काहीतरी सुचलं म्हणून हे सोडलं. अकाउंट आमच्या ईमेलवर काढणार म्हणाल्या. ॲपबद्दल विचारल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या ते जाहिरातवाल्यांनी लिहिलंय, खरं तर एक दृश्य असतं. मला ते सरळ बोलणं आवडलं.
आणि रात्री हिला स्क्रॅच उघडून दिलं. मांजर चालत चालत कडेला जाऊन अडकलं, मी मदत करायला गेले तर म्हणाली आई थांब, तू हात लावू नको. वीस मिनिटांनी तिला कडेला लागलं की मागे वळण्याचा ब्लॉक सापडला. नाव देतीये कॅम्पला. फक्त आमच्या फोनवर एआर चालेल का ते कसं बघायचं?

खडू_आणि_कीबोर्ड:
प्ले स्टोअरवर 'गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर' शोधा. इन्स्टॉल होत असेल किंवा आधीच असेल तर चालेल, तुमच्या डिव्हाइसला चालत नाही असं दाखवलं तर कॅम्पला आधीच कळवा, त्यांच्याकडे जास्तीचे फोन असतात का ते विचारून ठेवा. आणि ते अडकलेलं मांजर सेव्ह करून ठेवायला सांगा तिला, पहिल्या दिवशी बाईंना दाखवू दे.