मदत हवी आहे: पाळीत ऑपरेशन केलं तर रक्त जास्त जातं का?

धाकट्या बहिणीच्या नाकाचा पडदा वाकडा आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि नेमकी तेव्हाच तिची पाळी येणार आहे. आईचं म्हणणं, तारीख बदलून घ्या. बहीण म्हणते, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. मला दोन्हींची भीती वाटतेय.

थोडं वाचलं. रक्त गोठायला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचा एक घटक पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत थोडा कमी असतो म्हणे. पण ऑपरेशनमध्ये त्याने फरक पडतो का, यावर काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.

तिची पाळी आधीपासूनच जड आहे. पहिले दोन दिवस तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात. पोटदुखीसाठी ती मेफेनामिक ॲसिड घेते. मागे दाढ काढली तेव्हा बोळा दाबून धरूनही रात्रभर रक्त झिरपत होतं, सकाळी उशीचा अभ्रा भिजलेला होता. याचा इथे काही संबंध आहे का? तारीख बदलावी का? गोळ्या घ्याव्यात का?

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे. ताई, केवळ पाळी आली म्हणून आम्ही सहसा ऑपरेशन पुढे ढकलत नाही. पाळीचं रक्त गर्भाशयाचं अस्तर सुटल्यामुळे जातं, ती त्या जागेपुरती घडामोड असते. त्याने सगळ्या अंगातलं रक्त 'पातळ' होत नाही. तुम्ही वाचलेली घट खरी आहे, पण निरोगी बाईत ती फार थोडी असते.

मला काळजी वाटते ती दाढेची. जड पाळी आणि दाढ काढल्यावर न थांबणारं रक्त, या दोन गोष्टी एकत्र आल्या की व्हॉन विलेब्रँडचा आजार (तुम्ही वाचलेला तोच घटक कायमचा कमी असणं किंवा नीट काम न करणं) आहे का हे बघायलाच हवं. पुष्कळ बायकांना तो वर्षानुवर्षं कळत नाही, कारण 'आमच्याकडे सगळ्यांनाच अंगावरून जास्त जातं' म्हणून विषय संपतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या, ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या पीटी, एपीटीटी तपासण्या या आजारात नॉर्मल येऊ शकतात. म्हणून सर्जनना हे आधी सांगा आणि रक्तविकारतज्ज्ञांना दाखवायचं का ते विचारा. निदान झालं तर रक्तस्राव आटोक्यात ठेवायची औषधं आहेत, ऑपरेशन नीट आखता येतं. पण ते आधी कळायला हवं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) बघून घ्या. अंगात लोह कमी असेल तर थोडं रक्त गेलं तरी जड जातं.

गोळ्या मनाने सुरू करू नका. पाळीच्या काही हार्मोनच्या गोळ्यांनी उलट रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. मेफेनामिकने प्लेटलेट्सचं काम काही काळ मंदावतं. ते कधी थांबवायचं आणि दुखलं तर त्याऐवजी काय घ्यायचं, हे सर्जनच सांगतील. ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, त्याचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो.

ऑपरेशनच्या दिवशी पाळी असेल तर पॅड चालतं, सिस्टरना सांगून ठेवायचं. टॅम्पॉन किंवा कप मात्र आधी काढायचा, भुलीत तो आत विसरायला नको.

धागाकर्ती

मनापासून आभार. दाढेचं आम्ही सर्जनना सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. उद्याच फोन करते. एकच शंका: व्हॉन विलेब्रँडची तपासणी पाळी चालू असताना केली तर चालते का?

प्रतिसाद

चालते, फक्त पाळीचा कितवा दिवस आहे ते सांगा. ताण, आजारपण आणि हार्मोनच्या गोळ्यांनी हा घटक वाढलेला दिसतो, ओ रक्तगटात तो मुळातच थोडा कमी असतो. त्यामुळे एकदा नॉर्मल आली तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगू शकतात. तेवढ्यासाठी तारीख पुढे गेली तर जाऊ द्या.