तुंडू लिस्सू 2020 मध्ये टांझानियात परतले, त्यातून नेमके काय साधले?

सांजवात (धागाकर्ता)

टांझानियातील चाडेमा या विरोधी पक्षाचे नेते तुंडू लिस्सू यांच्यावर 7 सप्टेंबर 2017 रोजी दोदोमा येथे, संसदेतून घरी परतल्यावर निवासस्थानाच्या आवारातच गोळीबार झाला. 16 गोळ्या लागूनही ते वाचले. आधी नैरोबीत आणि नंतर बेल्जियममध्ये त्यांच्यावर वीसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि ते उपचार घेत असतानाच, 2019 मध्ये, गैरहजेरीचे कारण दाखवून त्यांची खासदारकी काढून घेण्यात आली. असा माणूस 27 जुलै 2020 रोजी दार-एस-सलामच्या विमानतळावर उतरतो आणि तीन महिन्यांवर आलेल्या अध्यक्षीय निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांच्याविरुद्ध उभा राहतो, याला धाडस म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? निकाल मात्र मागुफुली 84 टक्के, लिस्सू 13 टक्के असा लागला आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा बेल्जियमला निघून गेले.

2015 मध्ये याच पक्षाच्या तिकिटावर माजी पंतप्रधान एडवर्ड लोवासा यांना जवळजवळ 40 टक्के मते मिळाली होती. पाच वर्षांत 40 वरून 13 वर येणे हे जनमत होते की मोजणी, याबद्दल मतभेद असू शकतात. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. परदेशात राहून त्यांनी लढा चालवला असता तर विरोधी पक्षाचे अधिक भले झाले असते का? टांझानियात राहिलेल्या किंवा तेथील राजकारणाचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

बंदरवाट

मी 2020 मध्ये नोकरीनिमित्त दार-एस-सलाममध्ये होतो, त्यामुळे जे पाहिले तेवढेच लिहितो. शहरभर सत्ताधारी सीसीएमचे हिरवे-पिवळे झेंडे, टोप्या आणि मागुफुलींचे फलक होते. चाडेमाकडे त्या मानाने साधनेच नव्हती. तरीही लिस्सूंच्या सभांना माणसे आपणहून येत. आमच्या कार्यालयातला वाहनचालक, जो एरवी राजकारणावर चकार शब्द काढत नसे, तो सभेहून परतल्यावर दोन बोटे उंचावून पक्षाची खूण करून दाखवत असे आणि आजूबाजूला कोणी नाही ना, याची लगेच खात्री करून घेत असे. लिस्सू लंगडत मंचावर चढत. त्यानंतर ते काय बोलले हे लोकांना आठवो न आठवो, ते चढणे सगळ्यांच्या लक्षात राही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला निवडणूक आयोगाने प्रक्षोभक भाषणाचा ठपका ठेवून त्यांच्या प्रचारावर सात दिवसांची बंदी घातली. मतदान 28 तारखेला होते आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲप व ट्विटर चालेनासे झाले. व्हीपीएन ज्यांना जमत होते ते त्यावर होते, बाकीच्यांना रेडिओ आणि शेजारी. मतदान केंद्रांवर आपल्या प्रतिनिधींना बसू दिले नाही, ही विरोधकांची तक्रार मी दुसऱ्या दिवशी ऐकली ती अशी शेजाऱ्याकडूनच. निकालानंतर लिस्सूंना काही काळ ताब्यात घेतले गेले, मग त्यांनी जर्मन राजदूतांच्या निवासस्थानी आश्रय घेतला आणि तेथूनच ते देशाबाहेर पडले.

ते परतले नसते तर चाडेमाला उमेदवार मिळाला असता, पण गर्दी मिळाली नसती, असे माझे मत आहे. परदेशातून दिलेल्या मुलाखती दार-एस-सलाममधील सुशिक्षित लोक ऐकतात. सिंगिडाच्या शेतकऱ्याला मात्र माणूस समोर दिसावा लागतो.

कलमदान

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला परतण्यापेक्षा टांझानियाच्या राज्यघटनेत अधिक सापडते. कलम 41(7) प्रमाणे आयोगाने एकदा अध्यक्षपदाचा विजेता जाहीर केला की त्या निवडीची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात. जिल्ह्यांचे कार्यकारी संचालकही राष्ट्राध्यक्षांच्याच नियुक्तीचे, आणि 2020 मध्ये मतदारसंघात निवडणूक अधिकारी म्हणून काम करणारेही तेच होते. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने या शेवटच्या व्यवस्थेविरुद्ध निकाल दिला होता, पण त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. लिस्सू परतले त्याच महिन्यात, जुलै 2020 मध्ये, मानवी हक्कांसाठीच्या आफ्रिकी न्यायालयाने कलम 41(7) हे मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेचा भंग करणारे आहे असा निर्णय दिला. त्यानुसार निवडणुकीपूर्वी काहीही बदलले नाही.

याच्या शेजारी केनिया ठेवून पाहावे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अध्यक्षीय निवडणूक रद्द ठरवली, कारण 2010 च्या राज्यघटनेने पराभूत उमेदवाराला दाद मागण्याची वाट ठेवली होती. लिस्सूंसमोर ती वाट बंद होती, आणि स्वतः वकील व टांगानिका लॉ सोसायटीचे माजी अध्यक्ष असल्याने त्यांना हे पुरेपूर ठाऊक असणार. त्यामुळे ते जिंकण्याच्या हिशेबाने आले, असे मला वाटत नाही. खेळाचे नियम काय आहेत हे सर्वांसमोर यावे, एवढ्यासाठी ते आले असावेत. आणि ते समोर आलेही.

उत्तररात्र

कलमदान यांच्या मुद्द्याला दक्षिण कोरियाची जोड देतो. तेथील विरोधी नेते किम दे-जुंग अमेरिकेतील वास्तव्य संपवून 8 फेब्रुवारी 1985 रोजी सोलला परतले. दीड वर्षापूर्वी फिलिपिन्सचे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांना मनिलाच्या विमानतळावर उतरताच गोळी घातली गेली होती, म्हणून किम यांच्यासोबत अमेरिकी लोकप्रतिनिधींसह मोठा गट विमानात होता. विमानतळावर धक्काबुक्की झाली आणि त्यांना घरात नजरकैदेत ठेवण्यात आले. मात्र चारच दिवसांनी झालेल्या संसदीय निवडणुकीत नव्याने स्थापन झालेला विरोधी पक्ष अनपेक्षितपणे पुढे आला.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. जून 1987 च्या जनआंदोलनाने आधी थेट अध्यक्षीय निवडणुकीची मागणी मान्य करून घेतली, नवी राज्यघटना आली आणि मग डिसेंबरमध्ये किम उभे राहिले. तरीही ते हरले, कारण दुसरे विरोधी नेते किम यंग-साम यांच्याशी समझोता झाला नाही आणि विरोधी मते 28 व 27 टक्के अशी फुटून सत्ताधारी पक्षाचे रो ते-वू जवळजवळ 37 टक्क्यांवर निवडून आले. पण तो पराभव पचवता येण्याजोगा होता. 1997 मध्ये किम त्याच नियमांखाली जिंकले, तेही आपल्याला पूर्वी टोकियोतून पळवून नेणाऱ्या गुप्तचर संस्थेचे संस्थापक किम जोंग-पिल यांना सोबत घेऊन (राजकारणात कोणाशी कधी जमेल, हे सांगणे खरोखर कठीण!). लिस्सू यांनी निवडणूक आधी लढवली आणि नियमांचा आग्रह नंतर धरला. माझ्या मते त्यांच्या परतण्यात उणे असलेच तर ते एवढेच.

बंदरवाट

उत्तररात्र यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मार्च 2021 मध्ये मागुफुलींचे निधन झाल्यावर सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्षपदी आल्या, जानेवारी 2023 मध्ये त्यांनी राजकीय सभांवरील बंदी उठवली आणि त्याच महिन्यात लिस्सू दुसऱ्यांदा परतले. जानेवारी 2025 मध्ये तोवरचे पक्षाध्यक्ष फ्रीमन म्बोवे यांना हरवून ते पक्षाध्यक्ष झाले आणि ‘सुधारणा नाहीत तर निवडणूक नाही’ ही भूमिका त्यांनी पुढे नेली. म्हणजे क्रम त्यांनी सुधारला. परिणाम काय? एप्रिलमध्ये अटक, जामीन मिळत नाही असा देशद्रोहाचा आरोप आणि आचारसंहितेवर सही न केल्यामुळे पक्ष निवडणुकीबाहेर. 29 ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत सामियांना 97.66 टक्के मते जाहीर झाली. मतदानाच्याच दिवशी रस्त्यांवर निदर्शने पेटली, दार-एस-सलाममध्ये संध्याकाळपासून संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले आणि निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मेली. माझ्या तेथील जुन्या सहकाऱ्याचा संदेश अनेक दिवसांनी आला, आणि त्यात फक्त घरचे सगळे सुखरूप असल्याचे लिहिले होते.

सांजवात (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 13 टक्के हा आकडा मी लिस्सूंच्या लोकप्रियतेचे माप म्हणून वाचत होतो. कलमदान यांच्या प्रतिसादानंतर तसे वाचता येणार नाही. बंदरवाट आणि उत्तररात्र यांच्यातला वाद मात्र मला खुला वाटतो. 1987 च्या कोरियात शहरी मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला होता आणि पुढच्याच वर्षी सोलमध्ये ऑलिंपिक असल्याने जगाचे लक्ष तेथे होते, त्यामुळे सरकारला नमते घ्यावे लागले. दार-एस-सलामच्या सरकारवर असा दबाव कोण आणि कशाच्या बळावर आणू शकेल, यावर आफ्रिकी संघाच्या किंवा शेजारी देशांच्या भूमिकेचा अभ्यास असलेल्या कोणी लिहिले तर धागा पुढे नेता येईल.