संप्रेरक रोखूनही प्रोस्टेटचा कर्करोग पुन्हा का वाढतो?

प्रश्न: प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉनची पातळी अगदी खाली आणली, तरी काही काळाने अनेक रुग्णांचा आजार उलटतो, आणि त्यामागे आरएनएचे स्प्लायसिंग (जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडणे) हेही एक कारण असते असे वाचले. डीएनए तोच असताना औषध निकामी कसे होते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १: अँड्रोजन ग्राही म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुष संप्रेरकांचा (अँड्रोजनांचा) संदेश घेणारे प्रथिन. त्याच्या जनुकात ८ एक्झॉन, म्हणजे स्प्लायसिंगनंतर टिकणारे तुकडे, असतात. दुसरा व तिसरा एक्झॉन डीएनएला चिकटणारा भाग घडवतात, तर संप्रेरक जिथे बसते तो भाग चौथ्यापासून पुढच्या एक्झॉनमधून येतो. स्प्लायसिंगच्या वेळी तिसऱ्या एक्झॉननंतर एरवी कापून टाकला जाणारा एक छोटा तुकडा जोडला गेला, की त्यातील थांबण्याच्या संकेतामुळे प्रथिन तिथेच संपते. ग्राहीचे हे अपुरे रूप म्हणजेच एआर-व्ही७. त्याला संप्रेरकाची गरजच उरत नाही, ते सतत चालू राहते. एन्झाल्युटामाइड हे ग्राही रोखणारे औषध नेमके त्या गायब झालेल्या भागालाच चिकटते, त्यामुळे त्याला धरायला जागाच राहत नाही.

उत्तर २: एक गोष्ट जोडणे मला फार आवश्यक वाटते. अँड्रोजन दाबल्यावर या ग्राहीच्या जनुकाचे वाचन वाढते आणि यू२एएफ६५सारखी स्प्लायसिंग घटक-प्रथिने त्या आरएनएवर अधिक जमतात, म्हणजे उपचारच या रूपाला वाट करून देतो. मात्र सगळा दोष एआर-व्ही७वर टाकू नये, कारण ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

उत्तर ३: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एन्झाल्युटामाइड घेणाऱ्या ३१पैकी १२ आणि अॅबिराटेरोन (अँड्रोजन तयार होणे रोखणारे औषध) घेणाऱ्या ३१पैकी ६ रुग्णांच्या रक्तातील कर्कपेशींत एआर-व्ही७ सापडले, आणि या १८ जणांपैकी एकाचाही पीएसए (आजाराचा अंदाज देणारे रक्तातील प्रोस्टेटचे प्रथिन) अपेक्षेइतका उतरला नाही. टॅक्सेन गटातील केमोथेरपीची औषधे मात्र अशा रुग्णांतही उपयोगी पडू शकतात, म्हणून एआर-व्ही७च्या तपासणीचा निकाल पुढचे औषध निवडताना उपयोगी ठरतो.

प्रश्नकर्ता: आभार. मग स्प्लायसिंगच थांबवता येणार नाही का?

उत्तर १: सरसकट थांबवले तर निरोगी पेशीही मरतील, कारण बहुतेक मानवी जनुकांना त्याची गरज असते. एका विशिष्ट जोडावरच बसणारे छोटे न्यूक्लिक आम्ल वापरणे अधिक योग्य. मेरुरज्जूशी संबंधित स्नायूक्षयावरील न्यूसिनर्सेन या औषधाला २०१६मध्ये मान्यता मिळाली, ते याच तत्त्वावर चालते. पण ते थेट मेरुद्रवात टोचता येते, तर शरीरभर पसरलेल्या गाठींतील प्रत्येक पेशीपर्यंत असे औषध पोहोचवणे हा खरा अडसर आहे.