हरलेल्या फायनलसोबत धुराची स्कॉच: दर्दीपणा की नासाडी?

धुरकट_कोथरूडकर
परवा रात्री, म्हणजे १४ जुलै संपून १५ लागली तेव्हा, फुटबॉलच्या युरो २०२४ ची फायनल पाहिली. बर्लिनमध्ये स्पेन विरुद्ध इंग्लंड, आपल्याकडे साडेबाराला सुरू. मी २००२ पासून इंग्लंडवाला. (बेकहॅमची केशरचना. हसा.) मेव्हण्याने ड्यूटी फ्रीमधून आणलेली लागावूलिन १६ (सोळा वर्षं मुरलेली धुरकट स्कॉच) त्याच रात्री फोडली.

हाफटाइमनंतर दोन मिनिटांत निको विल्यम्सने गोल केला. मी घोट घेऊन गप्प. ७३ व्या मिनिटाला पामरने बरोबरी साधली आणि मी आनंदाच्या भरात उरलेला पेग पाण्यासारखा घटाघट ढोसला. चव? शून्य. मग ८६ व्या मिनिटाला कुकुरेयाच्या क्रॉसवर ओयार्साबालचा गोल. शेवटी राइसचं हेडर गोलकीपरने अडवलं, त्यावर गेहीने मारलेलं हेडर ओल्मोने रेषेवरून डोक्यानेच बाहेर काढलं. संपलं.

त्यानंतर बोटभर ओतली आणि ती पाऊण तास पुरली. आधी ओल्या राखेचा वास, मग टिंक्चर आयोडीन, आणि बऱ्याच उशिरा मनुकांचा गोडवा. टीव्हीचा आवाज बंद, पडद्यावर स्पॅनिश पोरं नाचतायत. इतकी नीट व्हिस्की मी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

तेव्हा माझं मत: पीटवाली (म्हणजे पीट हे दलदलीतलं इंधन जाळून धुरावलेली) स्कॉच ही हरणाऱ्यांची दारू आहे. जिंकणाऱ्याला तेवढी फुरसत नसते. ३५ पीपीएम (दहा लाखांत ३५ भाग) धूर ग्लासात असताना नाचता येत नाही.

बिअरोबा
सोळा वर्षं पिंपात निवांत बसलेला माल, आणि तू त्याला कुकुरेयाच्या क्रॉसचं तोंडीलावणं दिलंस! मॅचला बिअर. नजर पडद्यावर, हात शेंगदाण्यांत, ग्लासात काय आहे याचा विचार करायची गरज नाही.

शिवाय वास डोक्यात बसतो, बाबा. २३ मार्च २००३ ला, जोहान्सबर्गच्या फायनलला, मी रम घेऊन बसलो होतो. पाँटिंग नाबाद १४०. आजही रमचं बूच उघडलं की मला त्याचे षटकार दिसतात. एक चांगली दारू कायमची गेली. तुझी लागावूलिन आता गेली समज.

धुरकट_कोथरूडकर
गेली कशी? उलट आता तिला काहीतरी आठवण आहे. जिंकलेल्या मॅचला काय प्यायलो होतो ते सांग बरं एकाचं तरी.

बिअरोबा
२०११. थंड बिअर. ब्रँडसुद्धा सांगतो.

माईण
आमच्या घरी अशी बाटली उघडली की मला वाटतं परसात बंब पेटलाय. एकदा तर उठून स्विचबोर्ड हुंगून आले, वायर जळतेय म्हणून. सासूबाई कोकणातल्या, त्या म्हणाल्या, "राब भाजल्यासारखं येतंय." चव कशीही असो, वासाला पैकीच्या पैकी. पण मॅच संपली अडीचच्या सुमारास, वर पाऊण तास. सोमवारी ऑफिस होतं ना? त्याला दर्दीपणा नाही, दांडी म्हणतात.

क्लाइडकाठी
ग्लासगोहून लिहितोय. स्कॉटलंडची दारू घेऊन इंग्लंडचा दुखवटा पाळलास, हे इथल्या शेजाऱ्याला सांगितलं तर तो आधी खो खो हसेल आणि मग बाटली परत मागेल. इथल्या पबात ओयार्साबालच्या गोलवर जो जल्लोष झाला, तो माद्रिदमध्ये झाला असेल तेवढाच. आणि हो, आमचं दुःख याच युरोत महिनाभर आधीच उरकलं होतं: जर्मनीकडून ५-१, मग हंगेरीचा शंभराव्या मिनिटाचा गोल. तेव्हा कुणी आयला बेटावरची धुरकट माल्ट व्हिस्की काढली नाही. लागर बिअर, एकामागून एक.

अजून एक गंमत. व्हिस्कीच्या या देशात फुटबॉलच्या स्टँडमध्ये सामान्य प्रेक्षकाला दारूच मिळत नाही. १९८० च्या स्कॉटिश कप फायनलनंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे लोक हॅम्पडनच्या मैदानातच एकमेकांवर तुटून पडले, त्यावर कायदा झाला. तो अजून आहे. बॉल आणि बाटली यांची जोडी आम्ही फार जवळून पाहिलीय.

आणि पीटमध्ये दुःखबिःख काही नाही. आयला बेटावर झाडं तुटपुंजी, म्हणून भिजवून मोड आणलेलं बार्ली वाळवायला दलदलीतला पीट खणून जाळायचे. गोवरीवर भाजलेल्या वांग्याला धुराचा वास लागतो ना, तसंच. गोवरी जाळणारी बाई विरहात नसते.

भट्टीवाला
एक दुरुस्ती. ३५ पीपीएम हा आकडा ग्लासातला नाही, वाळवलेल्या माल्टमधल्या (मोड आणलेल्या बार्लीतल्या) फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांचा आहे. गाळताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच जातं. म्हणून आर्डबेग या आयलाच्याच दुसऱ्या व्हिस्कीचा आकडा ५५ असला तरी ती लागावूलिनच्या दीडपट धुरकट लागेलच असं नाही. आणि पुढच्या वेळी चमचाभर पाणी घाल. धुराच्या वासातला ग्वायकॉल हा रेणू पाणी घातल्यावर वर पृष्ठभागाकडे येतो, असं स्वीडनच्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलंय. मॅच कुठलीही चालेल.

फातोर्डेकार
मी वेगळं सांगतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची (इंडियन सुपर लीग फुटबॉलची) फायनल. मी स्टँडमध्ये होतो. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत गेली, एफसी गोवा २-१. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलकीपरच्या हातून बॉल आत. अजून दोन मिनिटांनी मेंडोझा. चेन्नईन ३-२. पाच मिनिटं लागली नाहीत.

घरी आलो. कपाटात आमच्या कुंकळ्ळीची पीटेड पॉल जॉन होती. पीट तिचाही स्कॉटलंडहूनच येतो. ओतली. जिभेवर लाकूड ठेवल्यासारखं झालं. धूर नाही, मीठ नाही, काही नाही. अर्धा पेग सिंकमध्ये गेला.

म्हणून म्हणतो, रागावू नकोस: हरल्यावर तुला मनुका लागल्या, याचा अर्थ तू हरला नव्हतास. तू हरणं पाहत होतास.

बिअरोबा
खल्लास. धागा बंद करा.

धुरकट_कोथरूडकर
बंद नको. फातोर्डेकार, लागलं हे. दोन तास विचार करतोय. उसनं दुःख आहे माझं, मान्य. बर्लिनमध्ये माझं कुणी नव्हतं. पण मग मला दुःख चाखता आलं ते उसनं होतं म्हणूनच. स्वतःचं असतं तर तुझ्यासारखंच सिंकमध्ये गेलं असतं. तेव्हा वाक्य बदलतो: पीटवाली स्कॉच लांबून हरणाऱ्यांची दारू आहे.

माईण, ऑफिसला गेलो होतो. साडेदहाच्या मीटिंगमध्ये शर्टाला वास येत होता. कुणीतरी विचारलं, हुरडा पार्टी का?

माईण
जुलैत हुरडा. तुमच्या ऑफिसातल्यांना खायला घाला हो काहीतरी.

फातोर्डेकार
वाक्य चालेल. बाटलीत किती उरलीय?

धुरकट_कोथरूडकर
निम्मी. २०२६ च्या वर्ल्ड कपला ठेवू म्हणतो.

फातोर्डेकार
नको ठेवू. निम्म्या बाटलीत हवा शिरली की आधी धूरच उतरतो. छोट्या बाटलीत काठोकाठ भर, बूच घट्ट लाव. नाहीतर घेऊन ये मडगावला.