मदत हवी आहे: रँडम स्लोप घातला की एरर, सोमवारी गाईडना दाखवायचंय

शमी_वाशी: एमएच्या डेझर्टेशनसाठी अकरावीच्या मुलांकडून जीएडी-७, म्हणजे चिंता मोजणारा सात प्रश्नांचा फॉर्म, भरून घेतलाय. चिंता काळानुसार कशी बदलते ते बघायचंय. आर सॉफ्टवेअरमध्ये एलमर या फंक्शनला रँडम स्लोप (प्रत्येक मुलाचा बदलाचा वेगळा उतार) दिला की लाल अक्षरं. दोन दिवस हेच चाललंय. लवकर सांगा प्लीज.

नाखवा७२: एरर काय ते लिहा की! मुलं किती, फेऱ्या किती?

शमी_वाशी: निरीक्षणं १२०, रँडम इफेक्ट १२०, असं काहीतरी. मुलं ६०. फेऱ्या अर्थात दोन.

नाखवा७२: 'अर्थात' म्हणे! दुखणं तिथंच आहे. प्रत्येक मुलाची सुरुवात आणि उतार, म्हणजे १२० आकडे काढायचे, आणि ओळीही १२०च. दोन ठिपक्यांतून रेघ कशीही जातेच. त्यात खरा बदल किती आणि मोजणीतली चूक किती, कसं कळणार?

कोपरीकर: एलमरच्या कंट्रोल सेटिंगमध्ये ओळी पुरेशा आहेत का ही तपासणी इग्नोर करा. चालतं. मी केलंय.

नाखवा७२: चालतं, आणि वाट्टेल ते आकडे देतं.

एसपीएसएस_दादा: आम्ही जन्मभर रिपीटेड मेजर्स अनोव्हा (फेऱ्यांच्या सरासऱ्यांची तुलना) केला, काही अडलं नाही. नाहीतर सरळ दुसऱ्या फेरीच्या आकड्यातून पहिलीच्याची वजाबाकी.

घणसोलीकर: वजाबाकीला क्रॉनबाख आणि फर्बी या संशोधकांनी १९७०मध्येच झोडपलंय.

एसपीएसएस_दादा: आणि १९८२मध्ये रोगोसा वगैरेंनी तिची बाजू घेतली, ते कोण सांगणार?

मोगरा: माझाही मुलगा अकरावीत आहे. रात्री फोन काढून घेतला, चिंता गायब.

शमी_वाशी: ताई, इथे मॉडेल आजारी आहे 😭 तिसरी फेरी झालीये तशी, पण ४१च मुलं आली. गाईड म्हणाल्या, सोडून दे.

नाखवा७२: अहो, हे आधी सांगायचं ना! ६०+६०+४१ = १६१ ओळी. घाला. अनोव्हात ती १९ मुलं अख्खी गळतात, एलमरमध्ये त्यांच्या दोन फेऱ्या कामी येतात. वेळ १, २, ३ नको, पहिल्या फेरीपासूनचे आठवडे लिहा. पण ती १९ आली का नाहीत? जास्त घाबरलेलीच गळली असतील तर उतार फसवा निघेल.

शमी_वाशी: त्या दिवशी रुळांवर पाणी होतं, ठाणे-वाशी लोकल बंद. आली ती बहुतेक वाशी-कोपरखैरणेचीच.

घणसोलीकर: मग राहण्याचं ठिकाण मॉडेलमध्ये घ्या. रोज दोन गाड्या बदलून येणाऱ्यांची चिंता मुळातच वेगळी असू शकते.

शमी_वाशी: फॉर्मवर ते विचारलंच नाही. पासच्या कन्सेशनचं रजिस्टर ऑफिसात असतं, गाईडना विचारून बघते. तिसरी फेरी घातली. आता एरर गेला, पण 'सिंग्युलर फिट' म्हणतंय. हे काय नवीन?